फिरतीचे यंत्र, कचेरीचे यंत्र

१९८७च्या जानेवारीपासून नेदरलँड्सच्या सांख्यिकी कार्यालयाचे सुमारे ४०० पाहणीदार कागदी तक्ते घरी ठेवून एप्सन पीएक्स-४ नावाचा छोटा संगणक घेऊन लोकांच्या दारी जाऊ लागले. श्रमशक्तीच्या पाहणीसाठी महिन्याला सुमारे १२ हजार पत्ते गाठायचे असत. दिवसभराच्या मुलाखती आटोपल्या की पाहणीदार घरी येऊन ते यंत्र चार्जरला आणि टेलिफोनच्या तारेला जोडून ठेवत. रात्री कचेरीतला संगणक त्यातली माहिती उचलून घेई आणि नवे पत्ते त्यात भरून ठेवी. सकाळी माणूस उठे तेव्हा बॅटरी भरलेली असे आणि दिवसाचे कामही तयार असे. त्या वेळी बाजारात पीएक्स-४पेक्षा कितीतरी वेगवान संगणक होते, पण त्यांतला एकही हातात धरून दारात उभे राहण्याच्या कामाचा नव्हता. फिरती आणि कचेरी ही दोन्ही कामे एकाच यंत्राकडून करून घ्यायची असतील तर त्या यंत्राचे मोल कशावर ठरते, याचे इतके स्पष्ट उदाहरण पुढच्या काळातही क्वचितच सापडते. ते मोल वेगावर ठरत नाही. भिंतीतल्या प्लगपासून दूर ते किती तास तग धरते, उघड्या उजेडात त्याचा पडदा वाचता येतो का, बिघडल्यावर ते जवळपास दुरुस्त होते का आणि संध्याकाळी कचेरीतल्या व्यवस्थेशी त्याचे जुळते का, या चार गोष्टींवर ते ठरते. लॅपटॉपच्या साडेचार दशकांच्या इतिहासात खरेदीदारांनी या चार गोष्टी पुन्हा पुन्हा मागे टाकल्या आणि त्याची किंमतही पुन्हा पुन्हा मोजली, असे माझे म्हणणे आहे.

या इतिहासाच्या आरंभी एकाच वर्षी दोन यंत्रे पुढे आली आणि त्यांनी दोन वेगळ्या वाटा दाखवल्या. एप्रिल १९८१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये ऑस्बॉर्न-१ मांडला गेला. तो काढणारे अ‍ॅडम ऑस्बॉर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले होते. ली फेल्सेनस्टाइन यांनी आराखडा केलेला हा संगणक १,७९५ डॉलरला मिळे आणि त्यासोबत वर्डस्टार, सुपरकॅल्क असे जे प्रोग्रॅम येत त्यांचीच वेगळी किंमत जवळजवळ तेवढी होई. व्यवहार फायद्याचा होता आणि लोकांनी तो उचलून धरला. पण यंत्राचे वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा आणि आत बॅटरी नाही. त्याच वर्षाअखेरीस एप्सनने जाहीर केलेला एचएक्स-२० मात्र वहीएवढा होता. वजन १.६ किलो, पडद्यावर २० अक्षरांच्या चार ओळी, पोटातच एक छोटा छपाईयंत्राचा भाग आणि एकदा चार्ज केल्यावर सुमारे ५० तासांची बेगमी. चार ओळींच्या पडद्यावर कोणी पत्रव्यवहार करणार नाही हे खरेच; पण गोदामात उभे राहून मालाची नोंद करायची असेल तर तेवढ्या ओळी पुरत.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. बॅटरी जर इतकी निर्णायक असेल तर बॅटरी नसलेला ऑस्बॉर्न भराभर विकला कसा गेला? याचे उत्तर ग्राहक कोण होते यात आहे. ऑस्बॉर्न घेणारा माणूस तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेत होता. कचेरीतून घरी, घरातून गिऱ्हाइकाच्या कचेरीत. दोन्ही टोकांना वीज होती, खुर्ची होती, डोक्यावर छप्पर होते. ते यंत्र उचलून नेण्याजोगे होते, फिरतीवर चालवण्याजोगे नव्हते. हा फरक आजही दुकानात कोणी समजावून सांगत नाही, आणि घरापासून कचेरीपर्यंतच नेण्यासाठी लॅपटॉप हवा असलेल्या माणसाने फिरतीच्या यंत्रासाठी जास्त पैसे मोजावेत असेही कोणी म्हणणार नाही. ऑस्बॉर्नची कंपनी सप्टेंबर १९८३मध्ये दिवाळखोरीत गेली. नव्या मॉडेलची घोषणा फार लवकर केल्यामुळे जुन्याची मागणी आटली, असे कारण नेहमी सांगितले जाते. पण तोवर केप्रोने नऊ इंचांचा पडदा आणि कॉम्पॅकने आयबीएमच्या संगणकावरचे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालवण्याची सोय बाजारात आणली होती, हे विसरून चालणार नाही. पाच इंचांच्या पडद्याकडे पाहून दिवस काढायला लोक फार काळ तयार नव्हते.

१९८२चा ग्रिड कंपास म्हणजे पैशाची अडचण नसती तर काय झाले असते, याचेच उत्तर आहे. पडदा कळफलकावर मिटवून घेण्याची जी घडण आज आपण प्रत्येक लॅपटॉपमध्ये पाहतो ती बिल मॉगरिज यांनी या यंत्रात आणली. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच, फिरत्या तबकडीऐवजी बबल मेमरी, किंमत ८,१५० डॉलर. अमेरिकेचे लष्कर आणि नासा यांनी ते घेतले, अंतराळयानातही नेले. धक्के सोसण्याच्या बाबतीत ते आपल्या काळाच्या फार पुढे होते, पण त्याला चालायला बाहेरून वीज लागे. एवढा पैसा ओतूनही चारपैकी एक अट सुटली होती. याउलट १९८३चा टीआरएस-८० मॉडेल १०० पाहावा. जपानच्या क्योसेराने बनवलेला आणि अमेरिकेत रेडिओ शॅकने विकलेला हा संगणक १,०९९ डॉलरपासून मिळे. पडद्यावर ४० अक्षरांच्या आठ ओळी, चांगला पूर्ण आकाराचा कळफलक आणि आत ३०० बॉडचा मॉडेम. चार साध्या पेन्सिल सेलवर तो सुमारे २० तास चाले, आणि असे सेल गावातल्या कुठल्याही दुकानात मिळत. बटण दाबताच तो सुरू होई. अमेरिकन वार्ताहरांनी तो डोक्यावर घेतला यात नवल नाही, कारण सामना संपल्यावर किंवा सभा उठल्यावर तिथेच बातमी लिहून टेलिफोनवरून कचेरीत धाडता येत होती. त्याच्या अंतर्गत प्रोग्रॅमचा मोठा भाग बिल गेट्स यांनी स्वतः लिहिला होता. माझ्या मते पैसा आणि उपयोग यांचा मेळ घालणारे त्या दशकातले हे सर्वांत विचारपूर्वक बनवलेले यंत्र होते. त्याला जे येत नव्हते ते फारसे लागणारही नव्हते.

मग अशी यंत्रे टिकली का नाहीत, हा पुढचा प्रश्न. मॉडेल १००च्या वंशाची यंत्रे दशक संपता संपता बाजूला पडली, आणि त्याला कारण फिरती नव्हती, कचेरी होती. तोवर कचेऱ्यांमध्ये आयबीएम पीसी आणि त्याच्या नकला बसल्या होत्या. हिशेबाचे तक्ते लोटस १-२-३मध्ये होते, पत्रे कचेरीतल्या संगणकांच्या ठरावीक स्वरूपात होती. बाहेरून आणलेला मजकूर साधी अक्षरे म्हणून आत येई, पण तक्ता तक्ता म्हणून येत नसे. तोशिबाच्या आत्सुतोशी निशिदा यांनी ही गोष्ट बरोबर हेरली. १९८५मध्ये त्यांनी युरोपात टी-११०० आणला. सुमारे चार किलोचा, बॅटरीवर चालणारा आणि आयबीएमशी सुसंगत. त्यात साडेतीन इंची फ्लॉपीचा खण होता आणि त्या आकारात तेव्हा प्रोग्रॅमच मिळत नव्हते, म्हणून निशिदांना सॉफ्टवेअर कंपन्यांकडे जाऊन त्यांचे प्रोग्रॅम या लहान फ्लॉपीवर द्यायला त्यांना राजी करावे लागले. यंत्र बनवणाऱ्याने कचेरीची बाजूही आपलीच जबाबदारी मानली, हे टी-११००च्या यशाचे मर्म आहे. बॅटरीच्या तासांत तो मॉडेल १००च्या मागे होता आणि वजनात कितीतरी जड होता. तरी त्याने बाजार बदलला. म्हणून फिरतीच्या अटींनाच सर्वस्व मानणारे म्हणणे मी मान्य करत नाही. चौथी अट, म्हणजे कचेरीशी जुळणे, ही बाकीच्या तिघींइतकीच कडक आहे आणि ती पुरी न झाल्यास उरलेल्या तिघींचा उपयोग संध्याकाळी संपतो.

महाराष्ट्रात ही चौथी अट फार वेगळ्या रूपात आली. १९९० आणि २०००च्या दशकांत मराठी मजकूर संगणकावर लिहिला जाई तो श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांच्या आधाराने, आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. तालुक्याच्या कचेरीत श्रीलिपी आणि गावच्या यंत्रात दुसराच फॉन्ट असला की बाहेर लिहिलेले टिपण आत उघडल्यावर चिन्हांचा कचरा दिसे. भारतीय लिप्यांसाठी १९९१मध्ये इस्की ही प्रमाण संकेतप्रणाली ठरली होती, पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्राच्या आधारे बरेच काम केले होते. पण प्रत्यक्ष व्यवहारात सुटका झाली ती युनिकोड रुजल्यावरच. विंडोज २००० आणि एक्सपीपासून देवनागरीचा आधार यंत्रातच येऊ लागला, आणि तेव्हा कुठे एका यंत्रावर टंकलेले मराठी दुसऱ्यावर जसेच्या तसे वाचता येईल याची शाश्वती मिळाली. त्या मधल्या काळात कोणी कितीही चांगला लॅपटॉप घेतला असता, तरी मराठीतून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी त्याचे निम्मे मोल वाया जात होते. याचा दोष यंत्राच्या किमतीत किंवा वेगात शोधून सापडला नसता.

पडद्याची गोष्ट जास्त खेदाची आहे, कारण तिथे आधी हाती असलेली एक चांगली गोष्ट गेली. एचएक्स-२० किंवा मॉडेल १०० यांच्या पडद्यांमागे दिवा नव्हता. बाहेरचा उजेड पडद्यावरून परतून येई आणि त्यातच अक्षरे दिसत. ऊन जितके लख्ख तितकी अक्षरे ठळक. पुढे पडद्यामागे दिवा आला, मग रंग आले. ऑक्टोबर १९९२मध्ये आयबीएमने थिंकपॅड ७००सी आणला तेव्हा त्याच्या १०.४ इंची रंगीत पडद्याची सर्वत्र तारीफ झाली, आणि ती योग्यच होती. रिचर्ड सॅपर यांनी दिलेले जपानी जेवणाच्या डब्यासारखे काळे, चौकोनी रूप, कळफलकाच्या मध्यावरचा लाल ट्रॅकपॉइंट, आणि जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेने सांभाळलेली घडण यांमुळे तो कचेरीचा आवडता झाला. पण मागच्या दिव्यावर चालणाऱ्या पडद्याला उन्हाशी स्पर्धा करावी लागते आणि ऊन नेहमी जिंकते. साधारण लॅपटॉपचा पडदा २५० ते ३०० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) असतो. झाडाच्या सावलीतही तो कसाबसा वाचता येतो, वैशाखाच्या उन्हात तर मुळीच नाही. हजार निट्सचे पडदे बनतात, पण ते जास्त वीज खातात आणि महाग पडतात. शेताच्या बांधावर उभा असलेला भूकरमापक किंवा रस्त्याच्या कामावरचा उपअभियंता या उत्क्रांतीत कोणी विचारातच घेतला नव्हता. पडदा खोलीत बसणाऱ्यांसाठी सुधारत गेला.

१९९६मध्ये पॅनासॉनिकच्या टफबुक सीएफ-२५पासून मजबूत लॅपटॉपांची वेगळी जात तयार झाली. मॅग्नेशियमचे कवच, पाणी-धूळ रोखणारी बांधणी, पुढे उन्हात वाचता येतील असे पडदे. मग फिरतीवाल्यांनी हीच घ्यावीत, असे कोणी म्हणेल. खाणीत, जहाजावर, विजेच्या खांबांवर काम करणाऱ्यांसाठी ते म्हणणे बिनतोड आहे. पण अशा यंत्राची किंमत साध्याच्या कितीतरी पट, वजन जास्त, आणि त्याच पैशात वेग कमी. तलाठ्याच्या किंवा पाहणीदाराच्या कामात यंत्र पाण्यात पडत नाही. ते मोटारसायकलवर हादरे खाते, धुळीत उघडले जाते आणि उन्हात तापते. तेवढ्याला मधला मार्ग पुरतो. अलीकडे साध्या लॅपटॉपांवरही ‘मिल-स्टँडर्ड-८१०’ची मोहर असते. हा अमेरिकन लष्कराचा चाचणी-संग्रह १९६२पासून चालत आलेला आहे, पण त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते बनवणारी कंपनीच ठरवते आणि कुठलीही मध्यवर्ती संस्था प्रमाणपत्र देत नाही. म्हणून मोहरेपेक्षा कोणत्या चाचण्या झाल्या हे विचारणे जास्त कामाचे. धूळ-पाण्याबाबतचा आयपी क्रमांक त्या मानाने नेमका असतो: आयपी६५ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा फवाराही चालेल.

बॅटरीच्या बाबतीत मात्र इतिहास खरेदीदाराच्या बाजूने सरकला. निकेल-कॅडमियमच्या पेट्या पूर्ण रिकाम्या न करता वारंवार भरल्या तर त्यांची क्षमता घटल्यासारखी दिसे. १९९१मध्ये सोनीने लिथियम-आयन पेटी बाजारात आणली आणि त्या दशकात ती लॅपटॉपमध्ये रुळली. पण या नव्या पेटीतून मिळालेली जास्तीची वीज प्रोसेसरांनी लगेच गिळली, कारण जाहिराती गिगाहर्ट्‌झच्या आकड्यावर चालत होत्या. मार्च २००३मध्ये इंटेलने सेंट्रिनो आणले तेव्हा हा खेळ उलटला. इस्रायलमधल्या हैफाच्या चमूने बनवलेला १.६ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम एम, २.४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४-एमच्या बरोबरीने काम करी आणि वीज कितीतरी कमी घेई. ज्या कंपनीने लोकांना गिगाहर्ट्‌झ मोजायला शिकवले तिनेच तो आकडा पुरेसा नाही हे बाजारात सिद्ध करून दाखवले, आणि तरीही दुकानात पहिला प्रश्न त्याच आकड्याचा राहिला. लॅपटॉपचा हिशेब इथे साधा आहे. बॅटरीत ५० वॉट-तास असतील आणि साध्या लिखाणात यंत्र ७ वॉट घेत असेल, तर सुमारे ७ तास मिळतील. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला की हे तास झपाट्याने उतरतात, आणि बाहेर काम करणाऱ्याला तो वाढवावाच लागतो. म्हणून कंपनीने सांगितलेल्या तासांतून फिरतीवाल्याने मोठा भाग वजा करून धरावा.

महाराष्ट्रात बॅटरीला आणखी एक अर्थ होता. २०००च्या दशकाच्या मध्यावर राज्याच्या ग्रामीण भागात रोजचे भारनियमन बरेच तासांचे असे. डेस्कटॉप संगणक, त्याचा यूपीएस आणि यूपीएसच्या थकलेल्या बॅटऱ्या यांच्या तुलनेत लॅपटॉप स्वतःचा यूपीएस पोटात घेऊन येई, म्हणजे कचेरीत बसून काम करणाऱ्यालाही तो जास्त मोलाचा होता. पूर्वी आयातीच्या करांमुळे तो आवाक्याबाहेर होता. भारताने १९९७मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारावर सही केली आणि २००५पर्यंत संगणकांवरचे आयात शुल्क शून्यावर आले. त्यानंतरच्या वर्षांत लॅपटॉप शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या आवाक्यात आला.

आता सर्वांत मोहक वाटणाऱ्या वाटेबद्दल, म्हणजे स्वस्ताईबद्दल. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर यांनी मिळून उभारलेल्या सिम्प्युटर ट्रस्टने २००१मध्ये एक हातात मावणारा संगणक दाखवला. साध्या माणसाला परवडावा, स्मार्ट कार्ड वापरून एकाच यंत्रात गावातल्या अनेकांना काम करता यावे, ही कल्पना उदात्त होती आणि कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामात तो वापरलाही गेला. पण विक्रीसाठी २००४ उजाडले, आणि तोवर मोबाइल फोन त्याच लोकांच्या खिशात शिरू लागले होते. दुसरा प्रयोग निकोलस निग्रोपाँटे यांचा. २००५मध्ये १०० डॉलरचा लॅपटॉप देण्याची घोषणा झाली. २००७मध्ये प्रत्यक्ष एक्सओ-१ निघाला तेव्हा किंमत १९० डॉलरच्या आसपास गेली होती. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट इथल्या एकशिक्षकी लहान शाळेत त्याचा भारतातला पहिला प्रयोग झाला. मेरी लू जेप्सेन यांनी त्यासाठी तयार केलेला पडदा खोलीत रंगीत दिसे आणि उन्हात दिवा बंद करूनही काळ्या-पांढऱ्यात स्पष्ट वाचता येई. कळफलक धूळ-पाण्यापासून बंदिस्त होता, वीज अगदी थोडी लागे. मॉडेल १००नंतर हरवलेली गोष्ट त्याने परत आणली होती. पण कचेरीच्या दृष्टीने तो अपुरा होता, आणि मुलांच्या शाळेबाहेर त्याला जागा नव्हती. २००७च्याच शेवटी आसूसचा ई पीसी ७०१ आला: एक किलोहून हलका, सात इंची पडदा, ८०० गुणिले ४८० ठिपके. नेटबुकांची लाट उसळली आणि २०१२-१३पर्यंत ओसरली. सरकारी संकेतस्थळाचा तक्ता त्या पडद्यावर मावत नसे, कळफलकावर बोटे अडखळत. किंमत कमी होती, पण रोज आठ तास ज्यावर काम करायचे त्यावर चार तासांतच माणूस थकत असेल तर ती बचत फसवी ठरते. स्वस्तपणाला माझा विरोध नाही. टीआरएस-८०ही आपल्या काळात स्वस्तच होता. कशाचा त्याग करून स्वस्त झाले, हा खरा प्रश्न.

या मुद्द्यावर सरकारी खरेदीचा आक्षेप येईल: निविदेत काहीतरी मोजता येणारे लिहावेच लागते, नाहीतर सर्वांत कमी बोली लावणाऱ्याचा न्याय करणार कसा? हे मान्य. पण मोजता येणाऱ्या गोष्टींत प्रोसेसरचे नाव, जीबी आणि इंच एवढेच नसते. पडद्याचे निट्स मोजता येतात, बॅटरीचे वॉट-तास मोजता येतात, यंत्राचे वजन मोजता येते, बदलण्याचे भाग किती वर्षे मिळतील याची हमी लिहून घेता येते. हे रकाने निविदेत भरले जात नाहीत तोवर कमी बोली ही या चार अटींवरच काटकसर करून लावली जाईल, कारण दिसणाऱ्या आकड्यांवर ती करता येत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप आजचा आहे: फिरतीवरचा लॅपटॉप आता लागतोच कशाला? महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी मोबाइल अ‍ॅपवर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतः करू लागला. देशाची श्रमशक्ती पाहणी २०१७पासून टॅब्लेटवर घेतली जाते. २०२७ची जनगणनाही मोबाइल अ‍ॅपवर घेण्याचे ठरले. यात तथ्य मोठे आहे. नमुना ठरलेला असेल, रकाने भरायचे असतील, फोटो आणि अक्षांश-रेखांश हवे असतील, तर फोन हेच मॉडेल १००चे खरे वारस आहेत: चालू करताच तयार, दिवसभर तग धरणारे, उन्हातही लॅपटॉपपेक्षा बरे दिसणारे. पण फिरतीतले सगळे काम रकान्यांत बसत नाही. अतिवृष्टीनंतरचा सविस्तर पंचनामा, पाणलोट क्षेत्राचा नकाशा, शाखा तपासणीचा अहवाल, अंदाजपत्रकाचा तक्ता ही कामे जागेवरच उरकली तर चुका जागेवरच लक्षात येतात. कचेरीत परतून आठवून लिहिले तर पुन्हा हेलपाटा पडतो. फोनने लॅपटॉपच्या कामाचा एक भाग उचलला आहे, आणि त्यामुळे उरलेल्या भागासाठी लॅपटॉप निवडताना प्रोसेसरच्या चढाओढीला आणखी कमी महत्त्व द्यायला हवे.

उरते दुरुस्ती. २००८चा मॅकबुक एअर आणि २०११पासून इंटेलने पुढे रेटलेली अल्ट्राबुके यांनी बारीकपणाला प्रतिष्ठा दिली. त्यासाठी मेमरी मदरबोर्डवर झाळली जाऊ लागली, बॅटरी आत चिकटवली गेली. हलकेपणाचा फायदा फिरतीवाल्याला खराच होतो, हे नाकारता येत नाही. पण चौथ्या वर्षी बॅटरी दमली किंवा मेमरी कमी पडली तर पूर्वी स्क्रूड्रायव्हरने सुटणारी अडचण आता अख्खे यंत्र बदलायला लावते. व्यवसायासाठी बनणाऱ्या काही मालिकांनी ही वाट पूर्ण धरली नाही. थिंकपॅडची खोलून जोडण्याची सविस्तर पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर कोणालाही मिळत आली आहे, आणि लेनोवोने २००५मध्ये आयबीएमचा हा धंदा घेतल्यावरही ती प्रथा राहिली. भारत सरकारने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर त्याचे पोर्टलही सुरू केले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा जिल्ह्याच्या गावातल्या एखाद्या दुकानात बसणारा कारागीर ही आपल्याकडची खरी सेवा-यंत्रणा आहे. सुटे भाग आणि पुस्तिका त्याच्यापर्यंत पोचणे हे लॅपटॉपच्या मोलाचेच एक अंग आहे.

म्हणून आज मर्यादित पैशात फिरती-कचेरीचे यंत्र घेणाऱ्याला नव्या स्वस्त यंत्राऐवजी मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेल्या व्यावसायिक मालिकेतल्या लॅपटॉपाकडे पाहायला मी सांगेन. तो मजबूत असतो, कळफलक चांगला असतो, भाग मिळतात. याला एक सीमारेषा आहे आणि ती चौथ्या अटीनेच आखली आहे: १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. त्याहून जुने यंत्र कितीही भक्कम असले तरी विंडोजवर चालणाऱ्या कचेरीशी त्याचे जुळणे अवघड होत जाईल. बॅटरीबाबत विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. विंडोजमध्ये पॉवरसीएफजीच्या हुकमाने बॅटरीचा अहवाल काढला की तिची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता हे दोन्ही आकडे समोर येतात. तफावत मोठी असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातच धरावी. पडदा दुकानाबाहेर भर दुपारी नेऊन पाहावा, आणि पैसे मोजण्याआधी आपल्याच कचेरीतली सर्वांत जड फाइल त्यावर उघडून पाहावी.